विश्लेषण : ऑइल भरलेले, तरी ब्रेकचे पेडल खाली का जाते?

‘ब्रेक फेल झाला’ हे वाक्य अपघातानंतर ऐकू येते. पण जुन्या मोटारीचा ब्रेक क्वचितच एका क्षणात जातो. त्याआधी कित्येक दिवस पेडल बदललेले असते. कधी ते खोल जाते, कधी दोनदा दाबावे लागते, कधी दगडासारखे कडक लागते. पायाला त्याची सवय होते आणि तक्रार मेकॅनिकपर्यंत पोहोचत नाही. गावातल्या गावात हे खपून जाते. वाशीमहून अकोल्याला निघालात, की मेडशीनंतर पातूरचा घाट उतरायचा असतो. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. पेडल दुसऱ्यांदा दाबण्यात गेलेला एक सेकंद म्हणजे एसटी बसच्या लांबीहून जास्त अंतर.

पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकते. असे का?

सर्वाधिक फसवणारा दोष हाच. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ब्रेक ऑइलला ढकलतो आणि तो दाब पाइपांमधून चारही चाकांपर्यंत जातो. पिस्टनवरचे रबरी सील झिजले, तर ऑइल बाहेर न सांडता आतल्या आत मागे निसटते. चाकांशी ओल नाही, जमिनीवर थेंब नाही, डबीतली पातळीही जागेवर. म्हणून ‘ऑइल बरोबर आहे, म्हणजे ब्रेक बरोबर आहे’ हा समज धोक्याचा.

तपासणी घरच्या अंगणात होते. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करा. इंजिन सुरू ठेवा आणि पेडल मध्यम जोराने अर्धा मिनिट दाबून धरा. ते एका जागी थांबले पाहिजे. तळाकडे सरकत गेले आणि कुठेही गळती दिसत नसेल, तर संशय थेट मास्टर सिलिंडरवर. पातळी कमी होते पण गळती दिसत नाही, असे असेल तर ऑइल मास्टर सिलिंडरच्या मागून बूस्टरमध्ये उतरत असू शकते. ते खोलल्याशिवाय दिसत नाही.

दोनदा दाबल्यावर ब्रेक लागतो. हवा शिरली असेल का?

असेलच असे नाही. जुन्या लहान मोटारींमध्ये साधारणपणे पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. मागचे ब्रेक शू झिजले किंवा त्यांचा अ‍ॅडजस्टर गंजून अडकला, की शू आणि ड्रममधले अंतर वाढते. पहिल्या दाबात ते अंतर भरून निघते, दुसऱ्या दाबात ब्रेक धरतो. हँडब्रेकही पूर्वीपेक्षा बराच वर ओढावा लागत असेल, तर आधी मागचे ड्रम उघडायला सांगा. हवा असेल तर पेडल फुगा दाबल्यासारखे मऊ लागते. तेव्हा एअर काढावी लागते. पण हवा शिरली कुठून, हे शोधल्याविना एअर काढणे म्हणजे पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा भरणे.

सकाळी ब्रेक उत्तम, घाटात मऊ. असे कसे?

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. ‘डॉट ३’ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा निकष आहे. पाणी मुरल्यावर हाच आकडा १४० वर येतो. विदर्भाचे ऊन, भरलेली गाडी आणि सतत दाबलेला ब्रेक. चाकाजवळचे ऑइल उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडते. गाडी थंड झाली की सगळे पूर्ववत, त्यामुळे गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. वरून भर टाकणे म्हणजे बदलणे नव्हे.

पेडल कडक झाले, गाडी मात्र थांबत नाही?

मग बूस्टर पाहा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक झाले, की पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर काम करतो. हललेच नाही, तर बूस्टर, त्याची नळी किंवा तिच्यातला व्हॉल्व्ह बिघडला आहे. डिझेल गाड्यांत त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरलाच जोडलेला, तोही तपासावा. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करण्याची खोड इथेच महागात पडते. बूस्टरमधला साठा दोन-तीन दाबांत संपतो आणि पुढे सगळा जोर पायाचाच.

गॅरेजमध्ये काय पाहावे?

ब्रेकचे रबरी भाग डिझेल, रॉकेल किंवा इंजिन ऑइलने धुऊ देऊ नका. रबर फुगते आणि नवे किटही वाया जाते. दुसरी गोष्ट फार कमी ठिकाणी पाळली जाते. एअर काढताना पेडल तळापर्यंत दाबले, तर जुन्या मास्टर सिलिंडरचे सील एरवी न पोहोचणाऱ्या गंजलेल्या भागावर घासतात. काल बरा असलेला सिलिंडर मग आज निकामी होतो आणि दोष नव्या ऑइलला दिला जातो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला, तर हे टळते.

आणि रस्त्यातच ब्रेक गेला तर?

पेडल भराभर दाबत राहा. थोडा दाब तयार होऊ शकतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, एकेक करून खालचे गिअर टाका, इंजिन बंद करू नका. हँडब्रेकचे बटण दाबून धरत तो हळूहळू ओढा. झटक्यात ओढला तर मागची चाके जाम होऊन गाडी फिरू शकते. हॉर्न आणि दिवे चालू ठेवून कडेला घ्या. थांबल्यावर ब्रेक पुन्हा लागतोय असे वाटले, तरी तिथून गाडी टो करूनच न्यावी.