पिलाजीराव कुठे गेले? साठवलेल्या फायलींतली गळती

मंडळाच्या टिपणासाठी मी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे खंड संगणकावर उतरवून घेत होतो. रियासतकार सरदेसाई आपल्या बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी संपादलेले हे ४५ खंड, १९३० ते १९३४ मध्ये छापलेले. पानांच्या प्रतिमा आणि यंत्राने वाचलेला मजकूर, दोन्ही हवे होते. त्यासाठी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली: फाइल आधीच फोल्डरात असेल तर ती वापर, नसेल तर उतरव. रोज तेच पुन्हा कशाला उतरवायचं?

मग मजकुरात ‘पिलाजी’ शोधलं. दाभाडे आणि गुजरातच्या कागदांत जिथे नाव असायलाच हवं, तिथे ते कमीच सापडलं. ‘या कागदांत पिलाजीरावांचा उल्लेख तुरळक आहे’ असं वाक्य मी कच्च्या खर्ड्यात लिहूनही टाकलं होतं. सहज म्हणून पानाची प्रतिमा उघडली, तर नाव ठसठशीत छापलेलं! मजकुराच्या फाइलीत मात्र ‘पिाजी’. मधला ‘ल’ गायब.

यंत्र जुना छाप वाचताना चुकतं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्या चुकांना काही नेम नसतो. इथे अक्षरं गळत होती ती ठरावीक अंतरावर, साधारण साडेतीनशे-चारशे चिन्हांच्या टप्प्याने. संशय तिथेच आला.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे ‘ल’ काय किंवा काना काय, ३ बाइट घेतं. रोमन अक्षर किंवा मोकळी जागा १ बाइट. माझी स्क्रिप्ट १०२४ बाइटांचे तुकडे घेत होती आणि प्रत्येक तुकड्याची लगेच अक्षरं करत होती. तुकडा कुठे संपेल याचा नेम नाही, त्यामुळे बऱ्याचदा ‘ल’चा एक बाइट इकडे आणि दोन तिकडे. अशा वेळी पायथन चूक दाखवून थांबतो. पण तो थांबू नये म्हणून मीच ‘इग्नोर’ लिहून ठेवलेलं! मग तो दोन्हीकडचे अर्धवट बाइट गुपचूप फेकून देई. इंग्रजी मजकुरावर हीच स्क्रिप्ट बिनबोभाट चालली असती.

उपाय सोपा होता. फाइल बायनरी पद्धतीने उघडायची, आले तसे बाइट लिहायचे, आणि अक्षरं करायची ती पूर्ण फाइल वाचताना. ‘इग्नोर’ काढून टाकलं. पुन्हा चालवलं, तरी पिलाजीराव गायबच! दुपार त्यात गेली. स्क्रिप्ट सुधारली होती, पण फोल्डरात जुन्या बिघडलेल्या फायली होत्याच, आणि ‘फाइल आहे, उतरवू नकोस’ हा नियमही होताच. मजकुराचं फोल्डर रिकामं केलं, तेव्हा कुठे ‘पिलाजी’ दिसू लागलं. खर्ड्यातलं ते वाक्य खोडलं.

त्याच वेळी आणखी एक सापडलं. एक खंड मध्येच संपत होता. उतरवताना नेट गेलं होतं आणि अर्धी फाइल पूर्ण नावाने राहिली होती. नियमाच्या लेखी ती ‘आहे’. आता स्क्रिप्ट आधी ‘अर्धवट’ अशा तात्पुरत्या नावाने लिहिते, फाइल तपासते आणि मगच खरं नाव देते. इंटरनेट आर्काइव्ह प्रत्येक फाइलीसोबत तिचा एमडी५ आकडा देतं. उतरलेल्या फाइलीचा आकडा काढून ताडायचा, एक बाइट जरी वेगळा असला तरी जुळत नाही. मात्र आकडा जुळला म्हणजे यंत्राने छाप बरोबर वाचला असं नव्हे, तेवढं पानावर बघावंच लागतं.

ज्यांनी माझ्याकडून पेनड्राइव्हवर हे खंड नेले, त्यांनी त्यातलं ‘मजकूर’ हे फोल्डर पुसून टाकावं आणि नवी प्रत घ्यावी. प्रतिमा पहिल्यापासून बायनरीच उतरवल्या होत्या; त्यांचे आकडे ताडून पाहिले, जुळतात.