लोखंडी टोप : शोभेचा की लढाईचा?

जुन्या लढायांचे देखावे उभे करण्याचा छंद युरोप-अमेरिकेत चांगलाच रुजला आहे. पोलंडमध्ये १४१० साली झालेल्या ग्रुनवाल्डच्या लढाईचा देखावा १९९८ पासून जुलै महिन्यात त्याच मैदानावर होत आला आहे. इंग्लंडमध्ये १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईचा देखावा ऑक्टोबरात होतो. अमेरिकेत १९६६ साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम’ या संस्थेचे सभासद वेताच्या जाड सोट्यांनी खरोखरच लढतात. २०१० साली युक्रेनमधील खोतिनच्या किल्ल्यात ‘बॅटल ऑफ द नेशन्स’ ही स्पर्धा सुरू झाली. तिच्यात तर अंगभर चिलखत चढवून बोथट केलेल्या पोलादी शस्त्रांनी सामने झाले.

या मंडळींना लागणारे टोप आणि चिलखते मोठ्या प्रमाणावर आपल्या देशातून जातात. देहरादून आणि मुरादाबाद या भागांतील कारखान्यांत हा माल बनतो. मुरादाबादच्या धातुकामात आपल्या बांधवांचे हात पिढ्यान्‌पिढ्या राबत आहेत. आपल्या वाचकांपैकीही काही जण हस्तकलेच्या वस्तूंच्या निर्यातीत आहेत. म्हणून गिऱ्हाईक टोप कसा पारखतो आणि व्यापाऱ्याने तो कसा पारखून द्यावा, हे आज येथे सांगत आहोत.

आधी काम ठरवा

टोपाचे तीन प्रकारचे गिऱ्हाईक असतात. पहिल्याला तो दिवाणखान्यात मांडायचा असतो. दुसऱ्याला पोशाख म्हणून घालून मिरवणुकीत किंवा देखाव्यात उभे राहायचे असते. तिसरा त्यावर घाव झेलणार असतो. तिन्ही टोप दुरून सारखेच दिसतात आणि घोटाळा तेथेच होतो. चकचकीत मुलामा, पितळी नक्षी आणि लाकडी स्टँड यांसह येणारा टोप बहुधा पहिल्या गिऱ्हाइकासाठी असतो. त्याच्या दोन्ही बाजू तळहातांनी दाबून पाहा. पत्रा आत जात असेल, तर तो कोणाच्या डोक्यावर सोट्याखाली जाता कामा नये.

पत्र्याची जाडी

गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे प्रथम लक्षात ठेवावे. शोभेचे टोप साधारणपणे १८ ते २० गेजचे असतात. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संस्थेच्या नियमांत लढाईच्या टोपासाठी किमान १६ गेज पोलाद सांगितले आहे. अनुभवी लढवय्ये १४ किंवा १२ गेज पसंत करतात. पोलादी शस्त्रांच्या सामन्यांत साध्या पोलादाचा टोप दोन मिलिमीटर किंवा त्याहून जाड घेण्याची रीत आहे.

येथे व्यवहारातील एक खाचखळगा आहे. आपल्याकडे रूढ असलेल्या ब्रिटिश पद्धतीत १४ गेज म्हणजे २.०३ मिलिमीटर, तर अमेरिकन पद्धतीत साधारण १.९० मिलिमीटर. त्यामुळे ऑर्डर घेताना आणि देताना जाडी मिलिमीटरमध्येच लिहावी. दुसरी गोष्ट, सपाट पत्रा ठोकून घुमट काढताना तो ताणला जातो आणि माथ्यावर पातळ होतो. घाव नेमका माथ्यावर बसतो. म्हणून कडेची जाडी मोजून समाधान मानू नये, माथ्याचीही मोजावी.

जोड आणि खिळे

दोन भाग जोडून केलेल्या टोपात वेल्डिंग सलग असावे. जागोजागी टाके मारून वरून घासलेला आणि मुलाम्याने झाकलेला जोड दोन-चार घावांत उलतो. घासताना जोडाची जागा पातळ झाली आहे का, हे आतून पाहावे. खिळे भरीव असावेत, पोकळ नकोत. त्यांची आतली टोके बोटाला बोचू नयेत. बोटाला जे बोचते ते घावाखाली कवटीत रुतते. समोरची झडप असेल तर बंद झाल्यावर ती घट्ट अडकली पाहिजे आणि खालून धक्का दिल्यास उघडता कामा नये.

माप आणि अस्तर

लोखंड घाव अडवते, पण धक्का पचवते ते अस्तर. जुन्या काळी सुती किंवा तागाच्या कापडात कापूस वा घोड्याचे केस भरून रजईसारखे शिवलेले अस्तर टोपात बसवीत. आज त्याबरोबर दाट फोमही वापरतात. अमेरिकन संस्थेच्या नियमात ही गादी किमान अर्धा इंच सांगितली आहे. आत नुसता चामड्याचा पट्टा असलेला टोप मिरवणुकीपुरताच समजावा.

आता हिशेब पाहू. डोक्याचा घेर ५८ सेंटिमीटर असेल आणि चहूबाजूंनी दीड सेंटिमीटर गादी घालायची असेल, तर टोपाचा आतला घेर सुमारे साडेनऊ सेंटिमीटरने जास्त, म्हणजे साधारण साडेसदुसष्ट सेंटिमीटर हवा. पुष्कळ टोप परत येतात ते केवळ हा हिशेब न केल्यामुळे. माणसाचे डोके गोल नसून लांबट असते, म्हणून घेराबरोबर लांबी आणि रुंदीही मागवावी. हनुवटीखालचा पट्टा अनिवार्य समजावा. मान हलवली की टोप डोक्याबरोबर फिरला पाहिजे, मागे राहता कामा नये.

नजर आणि श्वास

डोळ्यांची फट रुंद असेल तर चांगले दिसते, पण शस्त्राचे टोकही आत शिरते. अमेरिकन संस्थेचा नियम सोपा आहे. एक इंच जाडीचा दांडा चेहऱ्यासमोरच्या कोणत्याही फटीतून आत जाता कामा नये. गजांची जाळी असेल तर गज किमान तीन-षोडशांश इंच जाडीचे हवेत. हे नियम अधूनमधून सुधारले जातात, म्हणून ऑर्डरीपूर्वी गिऱ्हाइकाकडून त्याच्या संघाच्या नियमांची ताजी प्रत मागवणे शहाणपणाचे.

काळ जुळतो का?

देखाव्याच्या मंडळांत काळाबाबत फार काटेकोरपणा असतो. अकराव्या शतकातल्या नॉर्मन शिपायाला नाकावर पट्टी असलेला निमुळता टोप लागतो. संपूर्ण डोके झाकणारा डब्यासारखा टोप तेराव्या शतकात रूढ झाला. शिंगे असलेला ‘व्हायकिंग’ टोप दुकानांत भरपूर खपतो. पण नॉर्वेत १९४३ साली जेर्मुंडबू येथे सापडलेल्या अस्सल व्हायकिंग टोपाला शिंगे नाहीत. आपल्या इतिहासाकडेही मागणी वळू शकते. पंधराव्या शतकातील तुर्की आणि इराणी योद्ध्यांचे, पागोट्यासारख्या पन्हळी असलेले आणि अरबी अक्षरांनी सजवलेले टोप जगातील मोठ्या संग्रहालयांत आहेत. ज्या कारागिराला अक्षर आणि धातू दोन्ही कळतात, त्याच्यासाठी हे क्षेत्र मोकळे आहे. मात्र पवित्र वचने कोरताना अदब राखावी. मातीत लोळणाऱ्या टोपावर ती नसलेलीच बरी.

प्रश्न इमानाचा

शोभेचा टोप विकणे मुळीच वाईट नाही. वाईट आहे ते गिऱ्हाइकाने ‘लढाईला चालेल ना?’ असे विचारल्यावर मान डोलावणे. कापडाचा रंग गेला तर गिऱ्हाईक जाते, टोप फाटला तर माणूस जातो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे आपण (स.) विचारलेत. मुलाम्याखालचा पातळ पत्रा ही त्याच राशीच्या पोटातली ओल आहे.

म्हणून प्रत्येक टोपाच्या आत एक चिठ्ठी चिकटवावी, असे आम्ही सुचवतो. जाडी किती, पोलाद कोणते, आतला घेर किती आणि ‘केवळ शोभेसाठी’ की ‘लढाईसाठी’ एवढे चार शब्द तिच्यावर पुरेत. समुद्रमार्गे पाठवताना आतून-बाहेरून तेलाचा हात द्यावा आणि अस्तर पूर्ण कोरडे करून वेगळे बांधावे, नाहीतर खाऱ्या हवेने माल पोहोचण्याआधीच गंजतो. चिठ्ठी लावल्याने सुरुवातीला काही ऑर्डरी हातच्या जातीलही. पण दूरदेशीचा अनोळखी माणूस आपल्या शब्दावर डोके ठेवतो आहे, हे विसरू नये. जो व्यापारी त्याला खरे सांगेल, त्याच्याकडे तो पुन्हा येईल आणि आपल्या सोबत्यांनाही आणील, इन्शाअल्लाह.