डिस्क चार, छप्पर एक

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वे लातूरला येऊ लागली. मांजरा धरण आटले होते आणि शहरातले बोअर एकामागून एक कोरडे पडत होते. एका अंगणात एकाऐवजी चार बोअर असते तरी फरक पडला नसता, कारण चारही बोअर एकाच भूजलावर अवलंबून होते. पाणी आले ते कृष्णा खोऱ्यातून, जवळपास साडेतीनशे किलोमीटरवरून. त्या साठ्याचे दैव मांजरेच्या दैवाशी बांधलेले नव्हते, म्हणूनच तो कामी आला. हा धडा पाण्यापुरता नाही. नांदेड आणि लातूरमधल्या रुग्णालयांत, पतसंस्थांत, महाविद्यालयांत आज रुग्णांचे अहवाल, ठेवीदारांची खाती, विद्यार्थ्यांचे गुण सर्व्हरवर असतात. या नोंदी सुरक्षित आहेत का, असे विचारले की ‘रेड टाकलेले आहे’ हे उत्तर पुष्कळदा पुरेसे समजले जाते. माझे म्हणणे असे की ते उत्तर खरे असले तरी विचारलेल्या प्रश्नाचे नाही. रेडमुळे काम थांबत नाही. नोंदी जगतील याची हमी मात्र दुसरीकडे, दुसऱ्या छपराखाली ठेवलेली नक्कलच देऊ शकते.

रेड म्हणजे अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडून त्यांच्याकडून एकाच डिस्कसारखे काम करून घेण्याची पद्धत. अमेरिकेतील बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये एका शोधनिबंधात ती मांडली. मोठ्या संगणकांना तेव्हा एकेक अवाढव्य, महागडी डिस्क लागत असे. तिच्याऐवजी छोट्या, स्वस्त डिस्कचा ताफा वापरावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. पण डिस्क वाढल्या की त्यातली एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते. त्यावर तोड म्हणून थोडी जास्तीची माहिती साठवायची. समजा, तीन डिस्कवर ७, ५ आणि ९ हे आकडे आहेत. चौथीवर त्यांची बेरीज २१ लिहून ठेवली. दुसरी डिस्क गेली, तर २१ मधून ७ आणि ९ वजा करायचे. हरवलेला ५ परत मिळतो. प्रत्यक्षात संगणक बेरजेऐवजी शून्य-एकच्या सम-विषमतेचा हिशेब ठेवतो आणि त्याला पॅरिटी म्हणतात. रेड ५ मध्ये ही पॅरिटी सर्व डिस्कवर आळीपाळीने वाटलेली असते आणि एक डिस्क गेली तरी भागते. रेड ६ मध्ये दोन गेल्या तरी भागते. रेड १ मध्ये सरळ आरसा असतो, जे एका डिस्कवर तेच दुसरीवर. रेड ० मध्ये फक्त वेग आहे, संरक्षण काहीच नाही.

हा सगळा हिशेब सांभाळतो तो रेड कंट्रोलर. काही ठिकाणी हे काम ऑपरेटिंग सिस्टिमच करते, पण चांगल्या सर्व्हरमध्ये त्यासाठी वेगळे कार्ड असते. सर्व्हरच्या दर्शनी भागात डिस्क बसवलेले कप्पे असतात. त्यातल्या एकावर हिरव्याऐवजी नारिंगी दिवा लागला, की मशीन बंद न करता ती डिस्क ओढून नवी सरकवायची. बाकीच्या डिस्क वाचून कंट्रोलर तिच्यावरचा मजकूर पुन्हा उभा करतो. वेगासाठी तो लिहायचा डेटा आधी स्वतःच्या कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, घेतो. नेमकी त्या क्षणी वीज गेली तर अर्धा मजकूर डिस्कवर आणि अर्धा हवेत, आणि पॅरिटी कशाशीच जुळत नाही. म्हणून कॅशेला स्वतःची छोटी बॅटरी, किंवा वीज जाताच मजकूर फ्लॅश चिपवर उतरवून घेण्याची सोय असते. मराठवाड्यातली विजेची ये-जा पाहता कंट्रोलर घेताना ही सोय टाळण्यासारखी नाही. बॅटरी थकल्याचा इशारा आला, की ती त्याच आठवड्यात बदलली पाहिजे.

इतके असताना माझा आक्षेप कशावर आहे? तो त्या १९८८ च्या निबंधातच सापडतो. डिस्क किती काळ टिकतील याचे गणित करताना लेखक धरून चालले होते की प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे बिघडते, एकीच्या बिघाडाचा दुसरीशी संबंध नसतो. तिथेच कंसात त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले होते की भूकंप झाला किंवा विजेचा झटका बसला, तर हे गृहीत टिकणार नाही. त्यानंतर पाचच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावे उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे दगावली. हा भाग तोवर भूकंपाच्या दृष्टीने देशातल्या सर्वांत सुरक्षित पट्ट्यात गणला जात होता. एका छपराखालच्या वस्तू एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, हे इथे कुणाला निबंधातून शिकावे लागलेले नाही.

भूकंप क्वचित होतो, त्याचा विचार करून रोजचा कारभार कसा चालवायचा, असे कोणी म्हणेल. पण स्वतंत्रपणा मोडायला भूकंपच लागत नाही. चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतात; मे महिन्यातला तोच उकाडा, तोच व्होल्टेजचा चढउतार त्यांनी सारखाच सोसलेला असतो. पहिली गेली तेव्हा बाकीच्याही म्हाताऱ्या झालेल्या असतात, आणि नेमके त्याच वेळी त्यांना पहिलीची भरपाई करण्यासाठी कित्येक तास अखंड राबावे लागते. रेड ५ मध्ये आठ टेराबाइटच्या चार डिस्क असतील, तर उरलेल्या तिन्ही, म्हणजे २४ टेराबाइट, पूर्ण वाचाव्या लागतात. घरगुती दर्जाच्या डिस्कच्या माहितीपत्रकात साधारण साडेबारा टेराबाइटमागे एखादी न वाचता येणारी चूक धरलेली असते. प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्या वागतात, हे मान्य. तरी मोठ्या डिस्कसाठी रेड ६ सुचवले जाते ते याच भीतीने.

याहून मोठा धोका माणसाकडून येतो. कोणी चुकून एखादे फोल्डर पुसले, तर कंट्रोलर तो आदेश सर्व डिस्कवर इमानेइतबारे पाळतो. आरशात चेहरा दिसतो तसा चेहऱ्यावरचा डागही दिसतो. खंडणीखोर व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, तर त्या सगळ्या डिस्कवर एकदमच कुलूपबंद होतात. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर असाच हल्ला झाला आणि नोंदणीपासून तपासण्यांपर्यंतचे काम कितीतरी दिवस हाताने करावे लागले. सरकारने पुढे संसदेत सांगितले, की रुग्णांचा डेटा परत मिळाला तो हल्ल्याची झळ न लागलेल्या बॅकअप सर्व्हरवरून. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात डेजॉन येथील सरकारी डेटा सेंटरला बॅटऱ्यांमुळे आग लागली, तेव्हा उलट घडले. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा जळाला आणि त्याची बाहेर कुठेही नक्कल नव्हती. साठा फार मोठा असल्याने नक्कल ठेवली नाही, असे कारण देण्यात आले. जगातल्या प्रगत देशाला परवडले नाही ते हेच कारण.

आपल्याकडे खर्चाचा मुद्दा खरा आहे. तालुक्याच्या पतसंस्थेने दुसरा सर्व्हर कुठून आणायचा? पण नक्कल सर्व्हरवरच हवी असे नाही. रोज रात्री भरून, नंतर सुटी करून दुसऱ्या शाखेत नेलेली बाह्य हार्ड डिस्कही चालते. सुटी करणे महत्त्वाचे, कारण जोडलेल्या डिस्कपर्यंत व्हायरस पोचतो. तिच्यावरचा मजकूर कूटबद्ध करून ठेवला, म्हणजे वाटेत हरवली तरी खातेदाराची माहिती बाहेर जात नाही. क्लाउड घेतले की झाले, हे म्हणणेही अर्धवट आहे. सतत जुळवून घेणाऱ्या क्लाउडवर इथे पुसलेले तिथेही पुसले जाते. जुन्या आवृत्त्या राखून ठेवणारी सेवा असेल तरच ती नक्कल. मग रेडवर पैसे का घालायचे? तर ओपीडीसमोर रांग लागलेली असताना एक डिस्क गेली म्हणून काम अडू नये, यासाठी. दोन गरजा वेगळ्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

दूरची नक्कल काय करते, हे मराठवाड्याने नुकतेच अनुभवले आहे. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सप्टेंबर २०२३ पासून मराठा आरक्षणाच्या प्रश्नात कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा इथल्या तहसील कार्यालयांतली निजामकाळातली मोडी आणि उर्दू दप्तरे धुंडाळली गेली, आणि शोध हैदराबादपर्यंत गेला. २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णयही हैदराबाद गॅझेटियरचाच आधार घेतो. त्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, मराठवाडा निजामाच्या राज्यातून मुक्त होऊन पाऊणशे वर्षे उलटल्यावरही इथल्या माणसांचा पुरावा तिथल्या कपाटात शोधावा लागला, एवढे मान्य करावे लागेल. ती सोय कोणी आखून केलेली नव्हती. आपण ती आखून करू शकतो.

त्यासाठी फार दूर जायलाही नको. नांदेडला गोदावरीच्या पुराची चिंता, लातूरला जमिनीची. दोन शहरांत शंभर किलोमीटरहून अधिक अंतर आहे, आणि दोन्ही एकाच वेळी संकटात सापडण्याची शक्यता कमी. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे मुख्यालय नांदेडला, उपकेंद्र लातूरला. दहावी-बारावीचे विभागीय मंडळ लातूरला, आणि त्याच्या कक्षेत नांदेडही. शिक्षणात जी जोडी आधीपासून आहे तीच नोंदींसाठीही वापरता येईल. दोन शहरांतल्या दोन रुग्णालयांनी, दोन पतसंस्थांनी एकमेकांची कूटबद्ध नक्कल सांभाळावी, एवढे साधे हे काम आहे. फक्त ते ठेवून विसरू नये. दर तीन महिन्यांनी लातूरच्या नकलेतून नांदेडच्या शंभर नोंदी कोऱ्या संगणकावर उतरवाव्यात आणि छापील कागदाशी ताडून पाहाव्यात. शंभरपैकी शंभर जुळल्या, तरच ‘आमचा डेटा सुरक्षित आहे’ असे म्हणावे.