सुराआधी येणारी टक

भाद्रपदात लांज्यात गणपतीची मिरवणूक निघते, टेम्पोवरचा बेंजो सुरू होतो, आणि जवळ उभ्या माणसाच्या कानात सुराआधी नखीची टक शिरते. चाल ओळखीची असते, वाजवणाऱ्याचा हात तयार असतो, तरी प्रत्येक सुराच्या तोंडाशी एक कोरडा आघात येतच राहतो. साऊंडवाला मिक्सरवरचा ट्रेबल उतरवतो. टक कमी होते, पण सुरावर गोधडी पांघरल्यासारखं होतं आणि चाल ढोलताशात बुडते. मग ट्रेबल पुन्हा वर चढतो. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या पोरांचीही हीच तक्रार असते, आणि तेही आधी अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाकडेच वळतात. माझं म्हणणं असं की ही टक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जन्मत नाही, तिथे ती फक्त मोठी होते. तिचा बंदोबस्त नखीपासून करायला हवा.

आपला बेंजो म्हणजे अमेरिकेतला गोल, चामडं ताणलेला बॅन्जो नव्हे. हे वाद्य मूळचं जपानी. 1912 साली नागोया शहरात मोरिता गोरो याने दोन तारांच्या जुन्या वाद्याला टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या आणि ‘ताइशोगोतो’ तयार झालं. हिंदुस्थानात ते बुलबुलतरंग झालं, बलुचिस्तानात बेंजू झालं, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या ताराब संगीतातही शिरलं. महाराष्ट्रात त्याला पिकअप बसला, अ‍ॅम्प्लिफायर जोडला गेला आणि ते रस्त्यावर आलं. मुंबईच्या गिरणगावातल्या चाळींत राहणारा चाकरमानी आणि कोकणातलं त्याचं गाव यांच्यात सणासुदीला जी ये-जा चालते, तिच्यात बेंजो पार्टीही असते. रवी जाधव यांनी 2016 मध्ये ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट केला, तेव्हा या कलावंतांकडे मोठ्या पडद्याचं लक्ष गेलं. वाद्याच्या आवाजाचा मात्र कुणी फारसा अभ्यास केला नाही, याची मला खंत वाटते. ज्या वाद्यावर आपला अर्धा उत्सव उभा आहे, त्याला सतारीइतकी नाही तरी थोडी आस्था मिळायला हवी होती.

टक म्हणजे नेमकं काय? तार आधीच्या सुराने अजून थरथरत असते. नखी तिला टेकते, त्या क्षणी ती थरथर तुटते. मग नखी तारेला बाजूला ओढते आणि तार तिच्या टोकावरून निसटते. टेकणं, घासणं आणि सुटणं, हे सगळं काही सहस्रांश सेकंदांत उरकतं. या इवल्याशा काळातल्या आवाजाला ठाम स्वर नसतो. त्याचा जोर वरच्या पट्टीत, साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या आसपास असतो. दुर्दैवाने माणसाचा कानही तिथेच सर्वांत तिखट आहे. कानाची नळी सुमारे अडीच सेंटीमीटर लांब असते, आणि एका टोकाला बंद असलेली एवढी नळी साडेतीन हजार हर्ट्झच्या जवळपास घुमते. म्हणून मोजमापात किरकोळ दिसणारी टक ऐकताना मोठी वाटते.

आता नखी. पातळ प्लॅस्टिकची, अर्ध्या मिलिमीटरच्या आतली नखी हाताला हलकी लागते, जलद वाजवायला बरी पडते, म्हणून अनेकांना ती आवडते. पण ती तारेवर वाकते आणि सुटताना स्वतःच फटकन आपटते. एक मिलिमीटरच्या वरची, गोल टोकाची, कडा घासून गुळगुळीत केलेली नखी तारेवरून सरकून सुटते. टक कमी होते आणि सूर भरीव येतो. टोकदार नखीने उलट घडतं. नखी किंचित तिरकी धरली तर साध्या पोलादी तारेवर आघात मऊ होतो, मात्र गुंडाळीच्या जाड तारेवर तीच तिरकी नखी खर्रकन घासते. म्हणजे एकाच हाताला दोन तारांवर दोन कोन सांभाळावे लागतात. अमेरिकेतला जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी याने नखीच टाकून दिली आणि अंगठ्याने वाजवलं. त्याच्या सुरातला प्रसिद्ध मऊपणा तिथून आला. मिरवणुकीत अंगठ्याने भागणार नाही, एवढा जोर त्यात नाही.

कोकणातल्या माणसाने या बाबतीत सरोदियांकडे बघावं. सरोद ज्याने छेडतात तो जवा परंपरेने नारळाच्या करवंटीचा असतो. करवंटी कडक असते, वाकत नाही, आणि घासली की तिला सुरेख गुळगुळीतपणा येतो. लांजा तालुक्यात करवंटीला तोटा नाही. जुन्या, पक्क्या नारळाची करवंटी कानशीने हव्या त्या आकारात आणावी, बारीक पॉलिशपेपरने कडा गोल कराव्यात, थोडं खोबरेल चोळावं. बाजारातल्या महागड्या नखीच्या तोडीची नखी घरी तयार होते. सरोदियांनी हे पिढ्यान्‌पिढ्या तपासून ठेवलेलं आहे, आपण ते उचलायचं एवढंच.

तार कुठे छेडतो यालाही तितकंच महत्त्व आहे. घोडीच्या अगदी जवळ छेडलं की वरचे उपस्वर जोराने उठतात आणि टकेला सोबत मिळते. घोडीपासून दूर गेलं की तेच उपस्वर मंदावतात. तारेच्या लांबीच्या एकपंचमांशावर छेडलं तर पाचवा आणि दहावा उपस्वर उमटतच नाही, हा भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे. बेंजोवर कळांच्या पट्टीमुळे जागा अपुरी, तरी आहे त्या जागेत बोटभर पट्टीकडे सरकलं तरी फरक कळतो.

लांज्याचा पाऊस हाही या गोष्टीत एक पात्र आहे. आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत पोलादी तारांवर गंज चढतो. गंजलेली तार खरखरीत होते, नखी तिच्यावर जास्त घासते. शिवाय तिचा सूरही मंद पडतो. सूर मंद म्हणून वाजवणारा ट्रेबल वाढवतो आणि त्याबरोबर खरखरही वाढवून घेतो. गणपतीआधी तारा बदलणं आणि प्रत्येक वाजवणीनंतर कोरड्या फडक्याने पुसणं, याला कुठल्याही यंत्रापेक्षा कमी पैसे पडतात.

पिकअपकडे आलं की दोन जाती वेगळ्या कराव्या लागतात. गिटारसारखा चुंबकीय पिकअप फक्त पोलादी तारेची हालचाल ऐकतो. लाकडावरची कळांची खडखड त्याला जवळजवळ ऐकू येत नाही. तो तारेच्या फार जवळ बसवला असेल तर पहिला झटका अवाजवी मोठा येतो, म्हणून स्क्रू फिरवून थोडा खाली घ्यावा. काही वाद्यांना मात्र पिझोची चकती चिकटवलेली असते. ती लाकडाचं सगळं ऐकते, कळांची टकटकही. आणि इथे एक चूक सर्रास घडते: चकतीची वायर थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडली जाते. चकतीची धारिता साधारण 20 नॅनोफॅरड आणि इनपुटचा रोध 10 किलोओम धरला, तर सुमारे 800 हर्ट्झच्या खालचं सगळं गळू लागतं. सुराचं अंग जातं, टक तेवढी उरते. तीच चकती 1 मेगओम इनपुट असलेल्या छोट्या प्रीअ‍ॅम्पला जोडली की गळतीची सीमा 8 हर्ट्झवर येते, म्हणजे कानाच्या कक्षेबाहेर. कित्येक बेंजोंचा पत्र्यासारखा आवाज हा वाद्याचा दोष नसून या एका जोडणीचा आहे, असं माझं मत आहे.

यानंतरच अ‍ॅम्प्लिफायरला हात लावावा. सगळा ट्रेबल पाडण्याऐवजी अडीच ते चार हजार हर्ट्झमधला अरुंद पट्टा तीन-चार डेसिबलने उतरवावा. कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबणारं यंत्र, असेल तर त्याची आवाज पकडण्याची वेळ पाहावी: तो वीस-तीस मिलिसेकंदांनी जागा होत असेल तर टक आधीच निसटून जाते आणि दाबला जातो तो बिचारा सूर. एखाद्या मिलिसेकंदात पकडणारा हवा. गिटारच्या अ‍ॅम्पमधला बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही, म्हणून तिथे टक आपोआप बोथट होते. मिरवणुकीतल्या हॉर्नला ही दया नाही. तो टकेच्याच पट्ट्यात सगळ्यांत जोमाने ओरडतो.

टक पूर्ण मारायची मात्र नाही. 1926 मध्ये जर्मन संशोधक कार्ल श्टुम्फ याने दाखवून दिलं की सुराचा आरंभ कापला तर ऐकणाऱ्याला वाद्य ओळखणं अवघड होतं. बेंजोचा बेंजोपणा आणि त्याची लय त्या पहिल्या आघातातच आहे. तिथे एखादा मऊ की-बोर्ड वाजवला तर पाय थिरकत नाहीत, कारण तालावर बोट ठेवणारी धार निघून गेलेली असते. टक सुराच्या मागे उभी राहील इतपत खाली यावी, एवढंच मागणं आहे.

आणि हे ठरवायचं कुठे उभं राहून? उंच स्वर हॉर्नमधून सरळ रेषेत पुढे जातात, बाजूला आणि मागे फार कमी पसरतात. बेंजोवाला टेम्पोवर, हॉर्नच्या मागे बसलेला असतो. त्याला स्वतःचा आवाज कायम मंद वाटतो, म्हणून तो ट्रेबल वाढवायला सांगतो. समोरच्या माडीवर बसलेली म्हातारी माणसं कानात बोटं घालतात, ते त्याला दिसतही नाही. मिरवणूक निघण्याआधी पार्टीतल्या एकाने पन्नास पावलं पुढे, हॉर्नच्या रेषेत जाऊन उभं राहावं, आणि तो हात वर करेपर्यंत मिक्सरवर कुणी शेवटचा आकडा ठरवू नये.