स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया आणि पुढील धोक्याचे अनुमान

जठराच्या मागे आडव्या पसरलेल्या स्वादुपिंडाच्या रसात मांसदेखील पचविण्याचे सामर्थ्य असते. हा रस आपल्या नलिकेतून आतड्यात उतरतो तोवर सारे ठीक. तोच पोटात पाझरला, तर आसपासचा भाग आणि रक्तवाहिन्याही पोखरू लागतो.

अमेरिकन शस्त्रवैद्य ॲलन व्हिपल यांचे १९३५ पासून जिच्याशी नाव जोडले गेले, त्या शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचा माथा काढून टाकतात. आज उरलेला भाग बहुधा आतड्याला शिवतात. हा सांधा गळला, की धोका सुरू होतो. तो कोणाचा गळेल, हे आधी ओळखता येईल काय?

आपणांस वाटेल, पिंड जितके निरोगी तितका सांधा पक्का. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दीर्घकाळ सुजलेले पिंड घट्ट होते, रस कमी सोडते. त्यात टाका चांगला धरतो. निरोगी पिंड मात्र लोण्यासारखे मऊ, त्याची नलिका बारीक. दोरा ओढताच टाका कापत जातो.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका गुणपद्धतीत म्हणूनच चार गोष्टी पाहतात: पिंडाचा मऊपणा, नलिकेची रुंदी, रोगाचा प्रकार आणि शस्त्रक्रियेत गेलेले रक्त. एकूण गुण १०. शून्याला धोका नगण्य. ७ किंवा अधिक गुण म्हणजे मोठा धोका. येथे जास्त गुण मिळणे वाईट, हे ध्यानात ठेवावे.

पुढची साक्ष पोटात ठेवलेली निचऱ्याची नळी देते. तिसऱ्या दिवशी वा नंतर त्या द्रवातील ॲमिलेज रक्तातील कमाल सामान्य प्रमाणाच्या तिपटीहून अधिक भरले, तर रस पाझरत आहे असे समजतात. मात्र २०१६ च्या सुधारित व्याख्येनुसार, रोग्याच्या प्रकृतीवर व उपचारांवर परिणाम झाला नसेल, तर नुसत्या या आकड्याला उपद्रव म्हणत नाहीत.

या अनुमानाचा उपयोग कोणता? धोका कमी असेल, तर नळी लवकर काढता येते. विनाकारण ठेवलेली नळी जंतुसंसर्गाला वाट देते. धोका मोठा असेल, तर ताप, नाडी आणि नळीतील द्रवाचा रंग यांवर करडी नजर ठेवतात. द्रवात अचानक आलेले थोडे रक्तही मोठ्या रक्तस्रावाची पूर्वसूचना असू शकते.

गुण म्हणजे कुंडली नव्हे. शेकडो रोग्यांच्या अनुभवावरून तो काढलेला असतो. आपल्या खाटेवरील एका माणसाचे भवितव्य त्यात लिहिलेले नसते. म्हणून आप्तांनी “बरे होतील ना?” एवढेच न विचारता, “धोका किती, आणि आम्ही कशावर लक्ष ठेवावे?” हेही डॉक्टरांना विचारावे.