चोवीस शब्दांची तिजोरी

घरच्या किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला आहे, यावरून त्या घराचा कारभार कोण पाहतो हे आपल्याकडे पूर्वापार ओळखले जाते. तिजोरी कितीही भक्कम असो, किल्ली भलत्याच्या हाती गेली की तिची भिंत कागदाची होते. बिटकॉइनसारख्या आभासी चलनाविषयी आज आपल्या कँटीनमध्ये पुष्कळ चर्चा चालते. भाव किती चढला, कोणी किती मिळवले, हे सारे हिरिरीने सांगितले जाते. पण ते चलन ठेवायचे कोठे आणि राखायचे कसे, हे फारसे कोणी विचारीत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तरी हा प्रश्न भावाइतकाच महत्त्वाचा वाटला पाहिजे. ‘हार्डवेअर वॉलेट’ नावाचे एक लहानसे यंत्र या कामी वापरतात. त्याची मांडणी व राखण कशी करावी, एवढेच मी येथे सांगणार आहे. चलन घ्यावे की घेऊ नये, हा सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा हेतूही नाही.

नाणे यंत्रात नसते

हार्डवेअर वॉलेट दिसायला पेन ड्राइव्हसारखे असते, म्हणून त्यात नाणी साठवलेली असतात असा पुष्कळांचा समज होतो. तो चुकीचा आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या व्यक्तीने २००८ च्या ऑक्टोबरात बिटकॉइनची कल्पना मांडणारा निबंध प्रसिद्ध केला आणि ३ जानेवारी २००९ रोजी या चलनाच्या वहीचे पहिले पान तयार झाले. ही वही कोणा एका बँकेत नाही. तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर आहेत. आपल्या परिभाषेत बोलायचे तर ती खतावणीपेक्षा रोजकीर्दीला जवळची आहे. तीत व्यवहार क्रमाने नोंदलेले असतात आणि कोणाची शिल्लक किती, हे त्या नोंदींवरून काढावे लागते.

मग आपल्याजवळ काय असते? एक गुप्त संख्या. त्या संख्येच्या साहाय्याने ‘ही रक्कम अमक्याला द्यावी’ अशा आदेशावर सही करता येते. सही बरोबर असेल तर वहीत नोंद होते. सही करणारा खरा मालक आहे की चोर, हे वही विचारीत नाही. कन्नडमध्ये किल्लीला ‘बीगद कै’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘कुलपाचा हात’. ही गुप्त संख्या म्हणजे असाच एक हात आहे. तो ज्याच्याजवळ, त्याची सही चालते.

यंत्राचे काम या संख्येला कोंडून ठेवण्याचे. समजा, एका बंद खोलीत संस्थेचा शिक्का आहे. कागद खोलीत जातो, शिक्का उमटतो आणि कागद बाहेर येतो, पण शिक्का खोलीबाहेर कधीच पडत नाही. आपला संगणक किंवा फोन आदेश तयार करतो, यंत्र आतल्या आत सही करते आणि सही केलेला आदेश परत देते. संगणकात विषाणू शिरला तरी त्याला गुप्त संख्या दिसत नाही. गंमत अशी की, या धंद्यातील दोन जुन्या कंपन्यांची नावे आपल्याच विषयातली आहेत. फ्रान्समधील ‘लेजर’ म्हणजे खतावणी आणि चेक भाषेत ‘ट्रेझॉर’ म्हणजे तिजोरी!

दुसऱ्याच्या तिजोरीत का नको?

चलन ज्या बाजारपेठेत विकत घेतले तेथेच ठेवणे सोपे असते. पण तेव्हा किल्ली त्या कंपनीजवळ असते. आपल्याजवळ असते ते केवळ तिने दिलेले वचन. १८ जुलै २०२४ रोजी ‘वझीरएक्स’ या भारतीय बाजारपेठेतून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी चोरीस गेली आणि ग्राहकांना आपली नाणी काढून घेण्यासाठी वर्षाहून अधिक काळ थांबावे लागले. आमच्या आजोबांच्या निवृत्तीच्या रकमेचा मोठा भाग एका पतसंस्थेत अडकला होता. त्यामुळे ‘ठेव आहे, पण मिळत नाही’ या वाक्याचा अर्थ मला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

तथापि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. किल्ली स्वतःकडे घेतली म्हणजे धोका नाहीसा होत नाही, तो आपल्या घरी राहायला येतो. वेल्समधील न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांची एक हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली. तीत सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली होती. कचरा उकरण्यासाठी त्यांनी नगरपालिकेविरुद्ध लावलेला दावा २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने फेटाळला. नाणी वहीत जशीच्या तशी आहेत, पण सही करणारा हात हरवला आहे.

मांडणीच्या पायऱ्या

माझ्या थोरल्या मामेभावाने असे यंत्र घेतले तेव्हा त्याची मांडणी आम्ही दोघांनी मिळून केली. त्या अनुभवावरून पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी खरेदीची. यंत्र कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे, वापरलेले कधीही घेऊ नये. खोक्यात आधीच शब्द छापलेले किंवा लिहिलेले कार्ड निघाले, तर ते यंत्र वापरूच नये. ते शब्द ज्याने लिहिले त्याच्याजवळ किल्लीची नक्कल आहे, असे खुशाल समजावे.

दुसरी पायरी पिनची. यंत्र चोरीस गेले तर पिन त्याचे रक्षण करतो. लेजरच्या यंत्रात लागोपाठ तीन वेळा चुकीचा पिन दिला की यंत्र आपली स्मृती पुसून टाकते. हे ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण खरी किल्ली तिसऱ्या पायरीत आहे.

तिसऱ्या पायरीत यंत्र आपल्या छोट्या पडद्यावर एकेक करून बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द दाखवते. ठरलेल्या २,०४८ शब्दांच्या यादीतून ते निवडलेले असतात. या शब्दांपासूनच सगळ्या गुप्त संख्या तयार होतात. यंत्र फुटले, हरवले, तरी नव्या यंत्रात हेच शब्द याच क्रमाने भरले की सारे परत मिळते. कोणी अंदाजाने ते ओळखील काय? बारा शब्दांच्या शक्य त्या सर्व बरोबर जुळण्या मोजल्या तर ३९ अंकी संख्या येते. तेव्हा चोर अंदाज करीत बसत नाही, तो आपला कागद शोधतो.

म्हणून शब्द हातानेच कागदावर, क्रमांक घालून लिहावेत. त्यांचा फोटो काढू नये, व्हॉट्सअॅपवर स्वतःलाही पाठवू नये, झेरॉक्स काढू नये. ते यंत्राखेरीज अन्य कोठेही, कोणत्याही संगणकावर वा फोनवर, टाइप करू नयेत. लेजर कंपनीच्या सुमारे २,७२,००० ग्राहकांची नावे, पत्ते व फोन क्रमांक २०२० च्या डिसेंबरात उघड्यावर आले. यंत्रे फुटली नव्हती, फक्त गिऱ्हाइकांची यादी फुटली होती. पण पुढे त्यांतील काहींच्या घरी टपालाने बनावट यंत्रे आली आणि ‘आपले शब्द यात भरा’ अशी सूचनाही सोबत आली. शब्द मागणारा कोणीही असो, तो चोर समजावा. खऱ्या कंपनीला त्यांची गरज कधीच पडत नाही.

चौथी पायरी परीक्षेची, आणि हीच बहुतेकजण गाळतात. प्रथम अगदी थोडी रक्कम यंत्राच्या पत्त्यावर पाठवावी. पत्ता संगणकावर दिसतो त्यावर न विसंबता यंत्राच्या पडद्यावरील पत्त्याशी ताडून पाहावा, कारण नक्कल केलेला पत्ता गुपचूप बदलणारे विषाणू असतात. मग यंत्र मुद्दाम पुसून कागदावरील शब्दांवरून पुन्हा उभे करावे. रक्कम दिसली म्हणजे कागद बरोबर आहे. ताळेबंद जुळल्याशिवाय वही मिटू नये, तसेच हे.

भाषेची एक अडचण

शब्दांच्या अधिकृत याद्या इंग्रजीखेरीज जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, चेक आणि पोर्तुगीज भाषांत आहेत. मराठी किंवा कन्नड यादी नाही. माझ्यासारख्या मराठी माध्यमातून शिकलेल्याला इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवण्याचा मोह होतो. तो टाळावा. यादीत पश्चिम दिशा या अर्थाचा एक शब्द आहे आणि वाया घालवणे या अर्थाचा दुसरा. देवनागरीत दोन्हींचे ‘वेस्ट’च होते! तेव्हा शब्द रोमन लिपीत, सुटी व ठळक अक्षरे काढून लिहावेत. यादीतील प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, त्यामुळे शेवटची अक्षरे पुसट झाली तरी निभावते.

कागदाला पाण्याचे व आगीचे भय असतेच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपल्या बेळगाव जिल्ह्यात किती घरांतली कागदपत्रे भिजली, हे आपण पाहिले आहे. म्हणून दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. पोलादी पट्टीवर शब्द कोरून ठेवण्याचीही रीत आहे.

मामीचा प्रश्न

आमची मांडणी चालू असताना मामी शेजारी बसून भाजी निवडत होती. तिने विचारले, “अरे, उद्या ह्याचं काही बरंवाईट झालं, तर ह्या डबीचं आम्ही काय करायचं?” दादा हसला, पण त्याला उत्तर देता येईना. बँकेत खातेदार गेला तर वारसाला अर्ज करता येतो. येथे अर्ज करायला कार्यालयच नाही.

या यंत्रांत शब्दांच्या जोडीला स्वतः ठरवलेला एखादा गुप्त शब्दही जोडता येतो. कागद चोरीस गेला तरी त्याविना पैसे मिळत नाहीत. दादाला ही सोय फार आवडली होती. परंतु तो गुप्त शब्द विसरला तर मालकालाही पैसे मिळत नाहीत आणि घरच्यांना तर मुळीच नाहीत. मामीच्या प्रश्नानंतर त्याने तो बेत सोडला. शब्दांची एक प्रत बँकेच्या लॉकरात, मामीचे नामनिर्देशन करून, ठेवली. घरच्या कपाटात साध्या मराठीत लिहिलेले एक पत्र ठेवले: हे काय आहे, शब्द कोठे आहेत, ते कोणत्या यंत्रात भरायचे आणि फोनवर कोणालाही का सांगायचे नाहीत. पत्रात शब्द मात्र एकही नाही. खरेदीच्या पावत्याही त्यासोबत आहेत, कारण अशा नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के प्राप्तिकर लागू झाला आहे आणि किल्ली स्वतःकडे असली म्हणून कर चुकत नाही.

थोडक्यात, चोरापासून लपवणे आणि आपल्या माणसांना सापडणे या दोन्ही कसोट्यांना उतरते तीच राखण खरी. यंत्र पहिल्या कामात मदत करते. दुसरे काम कोणतेही यंत्र करीत नाही, ते घरात बसून, एकमेकांशी बोलूनच करावे लागते. विद्यार्थी मित्रांपैकी कोणाजवळ असे यंत्र असेल, तर त्याने आज घरी गेल्यावर स्वतःला एवढेच विचारावे: मी नसताना माझ्या आईला हे उघडता येईल काय?

(बी.कॉम., द्वितीय वर्ष)