चाल कोणाची?

बुद्धिबळाचा डाव रंगात असतो तोवर पटाभोवती बघ्यांची दाटी असते. पण वजीर पटावरून उतरले, हत्ती-घोडे मारले गेले आणि दोन राजे व दोन-चार प्यादी एवढाच संसार उरला, की बघे उठू लागतात. 'आता काय राहिलंय त्यात!' असे म्हणून जो तो चहाच्या वाटेला लागतो. वाचकहो, खरी मौज नेमकी तेथेच सुरू होते, हे मला आमच्या आप्पांनी शिकवले. आणि आप्पांना ते एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाने शिकवले.

आमचे घर भिवंडीचे. ज्याला यंत्रमागांचा खडखडाट सोसत नाही त्याने या गावी राहू नये! आप्पा एका कारखान्यात मेहताजी होते. सुटीच्या दिवशी माग थांबत, गाव एकदम मुके होई आणि आमच्या ओट्यावर पट मांडला जाई. आप्पांसमोर बसत ते पलीकडच्या आळीतले चाचा. त्यांच्या घराण्यात हातमागापासून विणकरी चालत आलेली. दोऱ्यात दोरा गुंतवावा तसा माणूस डाव गुंतवी.

पहिल्याने ते दोघे देशी पद्धतीने खेळत. या पद्धतीत समोरचा राजा अगदी एकटा पडला, की 'बुर्ज' झाला म्हणून डाव बरोबरीत सुटे. म्हणजे शत्रूला पुरते लुटून भागत नसे. त्याचे एखादे मोहरे जिवंत ठेवून मग मात करावी लागे. प्याद्याने केलेली मात तर सर्वांत मानाची. डावाच्या शेवटाची कला आपल्याकडे नव्हती असे कोणी म्हणू नये. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर आपल्या मुंबईत १८१४ साली छापले गेले, आणि तो ग्रंथ मुख्यतः अशा निवडक, कठीण स्थितींचाच संग्रह आहे.

आप्पांचे दुखणे मात्र वेगळे होते. जिंकत आलेला डाव त्यांच्या हातून हटकून निसटे. घास तोंडाशी यावा आणि सांडावा, तसे. एकदा मुंबईला गेले असता फोर्टातल्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना रूबेन फाइन यांचे 'बेसिक चेस एंडिंग्ज' सापडले. फाइन हे न्यूयॉर्कचे. १९३८ साली हॉलंडमधील आव्रो स्पर्धेत केरेससह त्यांनी पहिले स्थान पटकावले होते. पुढे ते मानसशास्त्राकडे वळले. त्यांचे हे पुस्तक १९४१ सालचे. नुसती प्यादी, मग घोडे, मग उंट, मग हत्ती, मग वजीर, अशी डावाच्या शेवटाची पद्धतशीर मांडणी त्यात आहे. आप्पा शब्दकोश उशाशी घेऊन ते वाचू लागले. त्यातच देशी नियम सुटले आणि ओट्यावर विलायती नियम आले. चाचा हसून म्हणाले, "मेहताजी, बुर्ज गेला, पण जिच तर राहिली ना?" जिच म्हणजे राजाला शह नाही, पण हलायलाही घर नाही, अशी कोंडी. जिच झाली की डाव बरोबरीत.

या पुस्तकातला एक धडा आपणही करून पाहा. पट मांडा. डावीकडून उजवीकडे आठ उभ्या पट्ट्यांना ए ते एच म्हणा आणि पांढऱ्याच्या बाजूने वर १ ते ८ आकडे मोजा. पांढरा राजा डी ६ वर, पांढरे प्यादे ई ६ वर आणि काळा राजा ई ८ वर ठेवा. एवढीच तीन मोहरी. आता सांगा, निकाल काय? घाई करू नका. याचे उत्तर एकाच प्रश्नावर अवलंबून आहे : चाल कोणाची?

चाल पांढऱ्याची असेल तर प्यादे ई ७ वर सरकते. काळ्या राजाला एफ ७ खेरीज जागाच नाही. पांढरा राजा डी ७ वर येतो, आणि प्याद्याचा वजीर होणे कोणाच्या बापाला चुकत नाही! पण चाल काळ्याची असेल तर तो शांतपणे डी ८ वर जातो. आता प्यादे ई ७ वर आले तर त्याला शह बसतो, तो परत ई ८ वर येतो. आणि पांढरा प्यादे राखायला ई ६ वर आला की झाली जिच! तीच मोहरी, तीच घरे. पण एकीकडे विजय, एकीकडे बरोबरी.

आप्पांच्या आवडीचा दुसरा नमुना रिचर्ड रेटी यांनी १९२१ साली रचलेला. पांढरा राजा एच ८ या कोपऱ्यात आणि त्याचे प्यादे सी ६ वर. काळा राजा ए ६ वर, प्यादे एच ५ वर. चाल पांढऱ्याची. काळ्याचे प्यादे पुढे पळाले आहे, पांढऱ्याला ते गाठता येणार नाही, हे शेंबडे पोरही सांगेल. पण पांढरा राजा तिरपा चालत निघतो : जी ७, एफ ६, ई ५. प्रत्येक पावलाला तो शत्रूच्या प्याद्याजवळही जातो आणि आपल्या प्याद्याजवळही. शेवटी दोहोंपैकी एक काम साधतेच आणि डाव बरोबरीत सुटतो. "एका पावलात दोन कामे करायला शीक," असे आप्पा मला सांगत; बहुधा माझ्या अभ्यासाला उद्देशून!

असला अभ्यास म्हणजे रिकामपणचा उद्योग, असे कोणास वाटेल. त्यांनी आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखची हकीकत ध्यानात घ्यावी. २०२५ च्या जुलैत, जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिची गाठ कोनेरू हंपीशी पडली. पहिले दोन डाव बरोबरीत गेले, जलद डावांतला पहिलाही बरोबरीत. दुसऱ्या जलद डावात लांबलेल्या शेवटात दोघींच्याही हातून चुका झाल्या आणि अखेर चषक १९ वर्षांच्या दिव्याने जिंकला. त्याबरोबर ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. तरीही, डावाचा शेवट आपल्याला अजून शिकायचा आहे, असे ती विजयानंतर मोकळेपणाने म्हणाली. जगज्जेतेपदाच्या वाटेवरची मुलगी जर असे म्हणते, तर आपण घरगुती खेळाडूंनी काय म्हणावे?

आता संगणक आले आहेत. दोन्ही राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतची प्रत्येक स्थिती त्यांनी सोडवून ठेवली आहे. फाइन यांच्या पुस्तकातल्या चुकाही उघड झाल्या. पाल बेंको यांनी २००३ साली त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. पण संगणक 'काय' ते सांगतो. 'का' ते समजायला अजून पुस्तक आणि पटच लागतो. रात्री जेवणानंतर वीस मिनिटे, एक स्थिती, दोन्ही बाजूंनी खेळून पाहायची. याहून स्वस्त शिकवणी मला ठाऊक नाही.

आता शेवटची एक आठवण. १९८४ चा मे महिना. ओट्यावर डाव चालला होता. आप्पांची मोहरी पांढरी. अंधार पडला म्हणून त्यांनी स्थिती वहीत टिपून ठेवली. दुसऱ्या दिवशी डाव पुरा व्हायचा. पण गावात दंगल पेटली. मग जाळपोळ, लष्कर, संचारबंदी. आमचा ओटा ओस पडला. चाचांच्या आळीकडून धूर दिसे आणि आप्पा खिडकीशी उभे राहत. कोणी कोणाची विचारपूस करण्याची सोय नव्हती.

किती आठवडे गेले ते आता आठवत नाही. एका संध्याकाळी चाचा आले. निम्मे झाल्यासारखे दिसत होते. त्यांचे चारही माग जळाले होते. आईने चहा ठेवला. कोणीच काही बोलेना. अखेर आप्पांनी पट काढला आणि वही उघडून मोहरी मांडली. पांढरा राजा डी ६, प्यादे ई ६, काळा राजा ई ८. चाल कोणाची, एवढेच तेवढे वहीत टिपायचे राहिले होते.

चाचांनी विचारले, "चाल कोणाची, मेहताजी?"

मी बारा वर्षांचा होतो, पण मला पक्के आठवत होते. चाल आमची होती. मी तोंड उघडणार, तोच आप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमची," ते म्हणाले.

चाचांनी पटाकडे पाहिले, मग आप्पांकडे. त्यांनाही आठवत असणार. असा माणूस चाल विसरत नाही. पण ते काही बोलले नाहीत. राजा उचलून त्यांनी डी ८ वर ठेवला.

डाव बरोबरीत सुटला. मग दोघांनी मोहरी पुन्हा मांडली.